होया: फळी नको, काळी मातीही नको

होया फळीवर बांधायची की कुंडीत लावायची, हा प्रश्न हल्ली बाल्कनीत वेली लावणारे हटकून विचारतात. लाकडाच्या ढलप्यावर शेवाळाची गादी, तिच्यावर दोरीने बांधलेली वेल आणि खाली लोंबणारे मेणासारखे गुलाबी झुबके, असे फोटो पाहिले की आपली कुंडी एकदम गावंढळ वाटू लागते. पण हे फोटो बहुतेक थायलंडचे, फिलिपिन्सचे, नाहीतर केरळातले असतात. नागपूरचे नसतात. म्हणून सरळच सांगतो. नागपुरात बारा महिने फळीवर होया ठेवण्याचा हट्ट सोडा, आणि कुंडीत लावणार असाल तर कुंडीतली माती काढून टाका.

होया ही मुळात झाडाच्या अंगावर वाढणारी वेल. तिच्या शेकडो जाती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत राहतात. १८१० साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने थॉमस होय या माळ्याच्या नावावरून या प्रजातीला नाव दिले. राजे-सरदारांच्या नावांनी भरलेल्या वनस्पतिशास्त्रात एका माळ्याला हा मान मिळाला, हे मला फार आवडते. आपल्या सह्याद्रीतही होया वायटी ही पांढऱ्या फुलांची जात आहे. कुळ तर आपल्या रोजच्या ओळखीचे, मारुतीला वाहतो त्या रुईचेच. पान तोडा, तसाच पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

घरातली मोठी माणसे तिला बांडगूळ समजून नाक मुरडतात, तर त्यांनाही सांगा की ती बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून त्याचा रस पिते. होया फक्त सालीला धरून राहते. पाऊस आला की तिची मुळे चिंब होतात, वारा आला की सुकतात, आणि आजूबाजूची हवा दमट असल्याने तेवढ्याने तिचे काही बिघडत नाही. तिला एकाच वेळी हवा आणि ओल, दोन्ही लागतात. नागपूर यातली एक गोष्ट मे महिन्यात काढून घेते आणि दुसरी जुलैत.

आधी मे महिना. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो विक्रम सोडा, पण ४५ च्या आसपास तर बहुतेक वर्षी जातोच, आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत सकाळी भिजवलेली शेवाळाची गादी दुपारच्या जेवणाआधीच कडक होते. दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते, तिसऱ्यांदा दिले तरी जास्त होत नाही. आणि लग्नसराई तर नेमकी तेव्हाच. दोन दिवस वऱ्हाडात गेलात की परत येऊन सुकलेली काडी पाहायची. यावर कोणी म्हणेल, आमच्या शिवारात आंब्याच्या खोडावर रास्ना भर उन्हाळ्यात जगते, मग होया का नाही? रास्ना हे ऑर्किड आहे. तिची जाड मुळे पांढऱ्या सच्छिद्र आवरणात गुंडाळलेली असतात. ते आवरण पाणी झटकन शोषते आणि धरून ठेवते. होयाची मुळे बारीक असतात आणि त्यांना असले पांघरूण नसते.

आता जुलै. कुंडीत आपली काळी माती भरली आणि आठवडाभर झड लागली की मातीतली हवा संपते, मुळे सडतात. संत्र्याच्या बागाईतदाराला हे समजावून सांगायला नको. भारी, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत संत्र्याला डिंक्या लागतो, आणि त्यापायी बागाच्या बागा वाळलेल्या त्याने पाहिल्या आहेत. जमिनीत वाढणाऱ्या संत्र्याची ही गत, तर झाडावर राहणाऱ्या वेलीचे काय होणार? गंमत अशी की मुळे सडली तरी पाने सुकल्यासारखीच सुरकुततात. माणूस समजतो तहान लागली, आणि आणखी पाणी ओततो. अशा वेळी आधी वेल कुंडीतून बाहेर काढा आणि मुळे पाहा. पांढरी, टणक असतील तर पाणी द्या. काळी, लिबलिबीत असतील तर कापून टाका आणि वरची निरोगी कांडी नव्याने लावा.

मग लावायची कशात? कुंडीतच, पण मातीविना. दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग चुलीचा लाकडी कोळसा, एक भाग विटेचे बारीक तुकडे, आणि मूठ-दोन मुठी गांडूळखत. सोडणात मीठ असते, म्हणून तुकडे एक रात्र भिजवून दोनतीनदा पाणी बदला. कुंडी लहान घ्या. मुळांना जेमतेम पुरेल एवढीच. मोठ्या कुंडीत ओल साचते आणि वेल फुलायचे नाव घेत नाही. मातीची कुंडी पावसाळ्यात उत्तम, पण उन्हाळ्यात फार लवकर सुकते. मला विचाराल तर भरपूर भोकांची प्लास्टिकची कुंडी टांगून ठेवावी आणि वेलीला चढायला काथ्या गुंडाळलेली काठी द्यावी. पेरांवरची मुळे काठी धरतात, खालची मुळे कुंडीत थंड राहतात. फळीचे सुख आणि कुंडीची सोय दोन्ही मिळतात.

पाण्याबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण इथेच पुष्कळांचे बिघडते. तुमच्या कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर जमतो ना? बोअरच्या पाण्यातला तोच क्षार होयाच्या पानांवर आणि मुळांवर बसतो. कुंडीत निदान वरून भरपूर पाणी ओतून तो धुऊन काढता येतो. फळीवरच्या वेलीला आपण फवाऱ्याने थोडेथोडे पाणी देत राहतो, त्यामुळे क्षार साचतच जातो. पावसाचे पाणी ड्रमभर साठवा, नाहीतर नळाचे वापरा. आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी मात्र चुकूनही घालू नका. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. पाणी कधी द्यायचे हे पानाला विचारा. जाड पानाची जात असेल तर पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. ताठ राहिले तर थांबा, मऊपणे दुमडले तर पाणी द्या.

जागा पूर्वेची. सकाळचे कोवळे ऊन चालते, पश्चिमेच्या गॅलरीतले चालत नाही. मार्च संपता संपता हिरवी जाळी लावा, आणि नवतप्यात वेल सरळ घरात घ्या, कूलरच्या खोलीत. एप्रिल ते जून नागपुरात त्याहून दमट जागा नाही. झोताच्या अगदी तोंडाशी मात्र ठेवू नका. एसीच्या खोलीतली हवा कोरडी, तिथे नको.

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करा. आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात, तसा हलका ताण होयालाही मानवतो, पण पाने सुरकुतेपर्यंत ताणू नका. पारा दहाच्या खाली जायला लागला की रात्री आत घ्या. फुले गळून गेल्यावर उरलेला देठ कापू नका, हे सर्वांत महत्त्वाचे. पुढचा झुबका पुष्कळदा त्याच देठावर येतो. घर नीटनेटके ठेवणारी माणसे इथेच घात करतात. रुईवर दिसणारा पिवळा मावा होयावरही येतो, आणि पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो. मुंग्यांची रांग दिसली की समजा पाहुणे आलेत. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलेत तर पाने भाजतील.

एवढे सांगूनही फळीवर बांधून पाहायचीच असेल, तर जरूर पाहा, पण पावसाळ्यात. मृग बरसला आणि हवा ओली झाली की दोन पेरांची कांडी घ्या, चीक सुकू द्या, आणि काथ्याच्या जाड गादीवर सुतळीने बांधा. लाकूड रंग न दिलेले, औषध न मारलेले असावे. जाती जाड पानांच्या निवडा. हृदयाच्या आकाराच्या पानाची होया केरी आपला उन्हाळा बऱ्यापैकी सोसते. नाजूक पानांच्या, थंड डोंगरातल्या जाती पाहायला कितीही सुंदर असोत, आपल्याकडे त्या टिकत नाहीत. होळी झाली की फळीवरची वेल आत आणा किंवा कुंडीत हलवा, आणि मूळ वेल नेहमी कुंडीत राखून ठेवा.

दोन विनंत्या आहेत. फेब्रुवारीत छोट्या कुंडीत खोचलेले एकच हृदयाकार पान विकायला येते. त्याला खाली पेर नसेल तर ते वर्षानुवर्षे हिरवे राहील, पण त्यातून वेल कधीच निघणार नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराला पेर दाखवायला सांगा. दुसरी विनंती सहलीला जाणाऱ्यांना. आंबोलीला, महाबळेश्वरला गेलात तर झाडावरची होया किंवा फळीसाठी शेवाळ खरवडून आणू नका. ती वेल नागपूरच्या उन्हाळ्यात जगणार नाही, आणि तिथल्या खोडावर शेवाळ पुन्हा धरायला वर्षे लागतात. होया हवीच असेल तर जुलैत शेजाऱ्याकडून एक कांडी मागून घ्या.