खरवस आणि रेडकू

शनिवारी सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून ठाकुरद्वारला गेलो आणि खरवस घेऊन आलो. (कोथिंबीर राहिलीच. असो.) पहिला घास घेणार तेवढ्यात डोक्यात जुना किडा वळवळला. हा चीक ज्याच्यासाठी आला होता, ते रेडकू आत्ता कुठे असेल?

हा किडा टेक्सासचा. काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी तिकडे होतो, तेव्हा एका सहकाऱ्याच्या घरच्या रँचवर गेलो होतो. शंभरेक गायी, सगळ्या बीफच्या. मी गिरगावकर, मनाची तयारी करूनच गेलो. पाहिलं ते भलतंच. वासरं सहा-सात महिने आईच्या मागे कुरणात, हवं तेव्हा पीत. तोवर ती चरायला शिकतात, गाय पुन्हा गाभण असते, मग दूध तोडायचं. तेही बेताने. मधे कुंपण, अलीकडे आया, पलीकडे वासरं. बघता येतं, हुंगता येतं, पिता येत नाही. तीन-चार दिवस दोन्हीकडून हंबरडा, मग सगळं शांत. एकदम लांब नेलं तर वासरं खाणं सोडतात, वजन घटतं, आजारी पडतात. यात भूतदया कमी आणि हिशेब जास्त, हे मान्य. पण हिशेब वासराच्या बाजूने होता, कारण वासरू हाच तिथला माल.

आता आपलं बघा. मुंबईच्या तबेल्यांत म्हशी हरयाणा-गुजरातेतून आणतात. इथे माल म्हणजे दूध, रेडकू म्हणजे खर्च. त्याला रोज वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे तीनेक लिटर दूध लागतं. आजच्या भावाने तीन महिने पाजलं तर वीस हजारांच्या वर गेले. मादी असेल तर निदान पुढे म्हैस होईल. नराचं काय? बरेचसे काही आठवड्यांतच उपाशी मरतात. लहानपणी आमच्या दूधवाल्या भय्याला विचारलं होतं, "बच्चा किधर है?" तो सहज म्हणाला, "मर गया." आम्ही चहा प्यायलो.

१९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, ती शहरातले गोठे बाहेर काढायला. गोठे हलले, रेडकाचा हिशेब हलला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की दूध पिणाऱ्याने बीफवाल्याकडे नाक मुरडून बघू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, गायीला तर १९७६ च्या कायद्यापासूनच. त्यावर आपण किती भांडलो! पण म्हशीचं रेडकू त्या भांडणात कुणाच्याच बाजूला नव्हतं. त्याला कापायची गरजच पडत नाही, नुसतं पाजायचं नाही, की झालं. आमच्याजवळ माधवबागेला १८३४ पासूनचा पांजरापोळ आहे. तिथे गायीला चारा घालून लोक पुण्य घेऊन घरी जातात, आणि घरी म्हशीच्या दुधाचा चहा.

मग काय, दूध सोडायचं? मला जमणार नाही, तुम्हालाही नाही. पण नर रेडकं वाचवून मांसासाठी वाढवायची केंद्राची योजना अकराव्या पंचवार्षिक योजनेत आलीच होती. वाचायला क्रूर वाटते. पण पोटभर खाऊन वर्ष-दीड वर्ष जगलेला रेडा आणि दोन आठवड्यांत भुकेने मेलेलं रेडकू यात निवडायचं असेल तर मी पहिला निवडेन, आणि त्यासाठी लिटरमागे चार रुपये जास्त द्यायला तयार आहे. बहुतेक माद्याच जन्माला याव्यात असं निवडलेलं वीर्यही आता मिळतं. तेही वापरा. पण जन्मलेल्याला आधी चीक तरी पाजा. पहिल्या चोवीस तासांतच त्यातली रोगप्रतिकारशक्ती त्याच्या आतड्यातून शोषली जाते, नंतर नाही. आणि चांगल्या म्हशीचा चीक रेडकाला पुरून उरतो, म्हणजे खरवसही बुडत नाही.

पुढच्या शनिवारी दुकानदाराला विचारणार आहे, चीक कुठून येतो म्हणून. तो मला वेड्यात काढेल. काढू दे.