डोंगर चढणारे शहराचे, शोधायला मात्र गाव

पुनर्वसूचा पाऊस लागला की आपल्या अकोले तालुक्यात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक भातलावणीचा, दुसरा ट्रेकवाल्यांचा. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याकडून गाड्या निघतात आणि रविवारी उजाडायच्या आत बारी, पाचनई, रतनवाडी या गावांत पाठपिशव्या घेतलेल्या पोरापोरींचे जथे उतरतात. कुणाला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर गाठायचे असते, कुणाला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघायचा असतो.

मित्रमंडळी जमवून डोंगर चढणे हा काही वाईट नाद नव्हे. नवरात्रात आपली माणसेही कळसूबाईला जातातच. शिवाय या पाहुण्यांमुळे चार घरची पिठलं-भाकरी खपते, पोरांना वाटाड्याचे काम मिळते. तेव्हा 'येऊ नका' म्हणणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. हरिश्चंद्रगडावर जुन्नरकडच्या खिरेश्वराहून टोलार खिंडीतून वर आले की धुक्यात वाट चुकायला वेळ लागत नाही. कोकणकड्याची कड तर धुके दाटले की पाच पावलांवर असून दिसत नाही. साम्रदची सांधण दरी उन्हाळ्यात पाहण्याजोगी; पावसाळ्यात तो नुसता पाण्याचा लोंढा. अशा ठिकाणी कुणी अडकले की फोन येतो पोलीस पाटलाला. मग दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेली माणसे बॅटऱ्या आणि दोर घेऊन रात्री डोंगराला लागतात. शहरातली गिर्यारोहकांची पथके मदतीला धावतात, त्यांचे काम मोठेच. पण ती पोचेपर्यंत गावच पुढे असते. त्या रात्रीची मजुरी कुणी देत नाही आणि सकाळी लावणी खोळंबते ती वेगळीच.

ट्रेक काढणारे माणशी पैसे शहरातच जमा करतात. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत, असे त्यात आहे. पण पायथ्याच्या गावात तो कागद दाखवा म्हणून विचारतो कोण?

ते गावानेच विचारावे. पायथ्याशी एक वही ठेवावी. किती जण, कुठल्या वाटेने, परतणार कधी, घरचा फोन नंबर काय, एवढे लिहिल्याशिवाय कुणाला वर सोडू नये. संध्याकाळी वही उघडली की कोण उतरले नाही ते लगेच कळते. पावसाळ्यात गावचा वाटाड्या सक्तीचा करावा आणि त्याचा दर फळ्यावर लिहावा, म्हणजे घासाघीस नको. दुपारनंतर चढाई बंद. प्लॅस्टिकच्या बाटल्या वर नेताना मोजाव्यात, उतरताना पुन्हा मोजाव्यात. गाड्या बांधावर किंवा लावणीच्या वाटेत लावू देऊ नयेत. जागा नेमून द्यावी, पावती फाडावी आणि ते पैसे ग्रामनिधीतच जमा करावेत. त्यातून दोर, बॅटऱ्या, स्ट्रेचर घेता येईल आणि रात्री शोधाला गेलेल्या माणसाची मजुरीही निघेल.

काही जण म्हणतील, एवढी चौकशी केली तर पाहुणा दुसऱ्या गडाकडे वळेल. एखादा वळेलही. पण ज्याला सुखरूप घरी जायचे आहे, तो वहीत नाव लिहायला कशाला कुरकुरेल? दरीत माणूस गेला की वाटा बंद होतात, बंदीचा हुकूम निघतो आणि सगळ्यांचाच धंदा बसतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला सोबत घ्यावेच लागेल. पण पेसा कायदा १९९६ पासून आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या ग्रामसभेचा शब्द हलका नाही, ती ठरावाने बोलली म्हणजे झाले.

हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत निघतो तेव्हा निम्मा हंगाम सरलेला असतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो १ मेच्या सभेतच घ्यावा. पावसाला तेव्हा महिना असतो. वही, फळा आणि दोर आणायला तेवढे दिवस पुष्कळ झाले.