खुले नेटवर्क, पण कोणासाठी?

१/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात एक कथा वारंवार सांगितली जाते: प्रतिभावंतांनी शोध लावला, कंपन्यांनी तो वापरला आणि समित्यांनी मागाहून कागद रंगवले. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगचा, म्हणजे एसडीएनचा इतिहासही असाच सांगतात. ही कथा सोयीची आहे, खरी नाही. #थ्रेड

२/ आधी मूळ प्रश्न पाहू. पारंपरिक राउटरमध्ये दोन कामे एकाच पेटीत बंद असत: माहितीचे पाकीट कोणत्या वाटेने जावे हे ठरवणे आणि ते प्रत्यक्ष पुढे धाडणे. पेटी ज्या कंपनीची, तिच्यातले सॉफ्टवेअरही तिचेच. ग्राहकाला त्यात स्वतःचा नियम घालण्याची मुभा जवळजवळ नव्हती.

३/ २००८ साली स्टॅनफर्डचे निक मॅक्कीऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' मांडले. निर्णय वेगळ्या नियंत्रकाने घ्यावा, स्विचने ते पाळावेत. हेतू माफक होता: विद्यापीठांच्या आवारातील नेटवर्कवर संशोधकांना प्रयोग करता यावेत.

४/ मार्च २०११ मध्ये ओपन नेटवर्किंग फाउंडेशन स्थापन झाले. संस्थापक कोण? गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, याहू, व्हेरायझन आणि डॉइश टेलिकॉम. ओपनफ्लोचे मानक आता या संस्थेच्या हाती आले. उपकरणे विकणाऱ्यांना संचालक मंडळात जागा नव्हती. सूत्रे बड्या खरेदीदारांकडे होती. विक्रेत्यांची मक्तेदारी मोडली, हे खरे. पण सत्ता नाहीशी झाली नाही; ती दुसऱ्या दालनात गेली.

५/ काय प्रमाणित झाले याइतकेच काय वगळले गेले, हेही पाहावे. नियंत्रक आणि स्विच यांच्यातील भाषा ठरली. नियंत्रक आणि त्यावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्स यांच्यातील दुव्याला मात्र आरंभी मुद्दाम हात लावला नाही. त्यासाठीचा कार्यगट २०१३ मध्ये आला. मधल्या काळात ज्याच्याकडे अभियंत्यांची फौज, त्याने स्वतःची भाषा घडवली. लहान संस्थांनी काय करावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

६/ 'आधी चालणारे सॉफ्टवेअर, मग मानक' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. ओपनफ्लो १.० मध्ये पाकिटाची १२ क्षेत्रे ओळखता येत. २०१३ च्या १.४ आवृत्तीत ती ४१ झाली. प्रत्येक नव्या गरजेसाठी यादी लांबत गेली. अखेर २०१४ साली पी४ ही भाषा मांडताना त्याच वर्तुळातील संशोधकांनी हाच दोष दाखवला: क्षेत्रांची यादी आधीच ठरवू नये, ती वापरणाऱ्याला लिहिता यावी.

७/ आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या विषयावरील ठराव २०१२ च्या दुबई परिषदेत केला आणि एसडीएनची चौकट मांडणारी वाय.३३०० ही शिफारस जून २०१४ मध्ये आली. उशीर झाला, यात वाद नाही. शिफारस बंधनकारक नसते, हेही खरे. पण तेथे लहान राष्ट्रालाही आसन असते. फाउंडेशनच्या संचालक मंडळात ते कोणत्या राष्ट्राला होते?

८/ येथे हमखास उत्तर येते: समित्यांचे ओएसआय हरले, टीसीपी-आयपी जिंकले, मग समित्या हव्यात कशाला? हा अर्धा इतिहास आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले ते मुक्त स्पर्धेतून नव्हे, तर आदेशाने. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याने ते लष्करी नेटवर्कांचे मानक ठरवले होते. एका राज्यसंस्थेचा निर्णय पुढे 'बाजाराचा कौल' म्हणून सांगितला गेला, इतकेच.

९/ म्हणून केवळ आसन पुरेसे, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. भारत या संघाचा सदस्य १८६९ पासून आहे. तेव्हा तारा भारतभर पसरत होत्या आणि निर्णय भारतीयांचे नव्हते. सदस्ययादीत नाव असणे आणि मसुदा लिहिणे यांत अंतर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाची मानकीकरण परिषद नवी दिल्लीत भरली. यजमानपदाचा अभिमान जरूर बाळगावा, पण मोजावे ते मसुदे.

१०/ मानक हा तहनामा असतो. तहनाम्याचा अभ्यासक प्रथम सह्या पाहतो, मग कलमे, मग गाळलेली कलमे. एसडीएनच्या इतिहासाला हीच शिस्त लावली पाहिजे. 'खुले' हा शब्द दिसला की तेथेच वाचन थांबवणारा इतिहासकार कंपनीचे प्रसिद्धिपत्रकच पुन्हा लिहीत असतो.