छतावर सूर्य, घरात अंधार

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडच्या गोंड राजवटीत, इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला गेला. पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला व बंदीखाना म्हणूनही वापरला गेला. किल्ला उभारताना आपले पूर्वज सर्वांत आधी पाणी पाहत. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तर आणखी एक पाऊल पुढे जाते. गडावर झरा असला तरी त्या एकट्यावर विसंबू नये. युद्धप्रसंगी तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी वेगळी राखावीत, असा त्यातील आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना उमगलेली ही गोष्ट आजच्या सौरऊर्जा धोरणाच्या आखणीत मात्र निसटलेली दिसते.

पूर्व विदर्भातील खेड्यांना विजेची चिंता करावी लागते, हाच मुळात विरोधाभास आहे. भंडारा जिल्ह्याच्या एका अंगाला मौद्याचे २,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, दुसऱ्या अंगाला तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे; पलीकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. धूर येथल्या आकाशात, राख येथल्या मातीत आणि प्रकाश मात्र दूरच्या महानगरांत! हे गाऱ्हाणे जुने आहे आणि पुरते निराधारही नाही. तथापि, न्यायाने पाहता, परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. एन्रॉन प्रकरणानंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. त्यानंतर गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे झाले, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची ग्रामज्योती योजना आली आणि २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेने उरलेल्या घरांपर्यंत तार नेली.

परंतु जोडणी निराळी आणि पुरवठा निराळा. रानातून, डोंगराच्या कडेने गेलेल्या वाहिनीवर वळवाच्या पहिल्याच वादळात फांदी कोसळते. बिघाड नेमका कोठे आहे, हे शोधण्यात रात्र सरते. रोहित्र जळाले तर दुसरे येईपर्यंत वाट पाहणे आलेच. याला भारनियमन म्हणत नाहीत, एवढाच काय तो फरक. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, वाफेच्या यंत्रावर श्वास घेणारे दमेकरी आजोबा, विंचू-सापाच्या दिवसांतले अंधारे अंगण यांना या शब्दभेदाने काय दिलासा मिळणार?

अशा घरांना २०२४ च्या फेब्रुवारीत घोषित झालेली ‘पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ वरदान वाटावी, हे स्वाभाविक आहे. एक कोटी घरांचे लक्ष्य, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. एवढ्या व्यापक स्वरूपाचे काम यापूर्वी झाले नव्हते. ज्याचे बिल मोठे, त्याची त्यात भरघोस बचत होते. प्रश्न आहे तो ज्याचे बिल लहान आणि अंधार मोठा, त्याचा.

कारण या योजनेत प्रामुख्याने बसविला जातो तो ग्रिडशी जोडलेला, बॅटरीविना चालणारा संच. बाहेरची वीज गेली की तो भर दुपारच्या कडक उन्हातही आपोआप बंद पडतो. हा यंत्राचा दोष नव्हे. तसे नसते तर घराघरांतून उलटी वाहणारी वीज खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतली असती. त्यामुळे नियम योग्यच आहे. अयोग्य आहे ते एवढेच, की ग्राहकाला हे कुणी आधी सांगत नाही. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत त्याने फारसे बिघडत नाही. खेड्यात मात्र छतावर सूर्य तळपतो आणि खाली पंखा थांबतो.

उपाय अज्ञात नाही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडली की संच घरापुरता स्वतंत्रपणे चालतो. अडचण अशी, की अनुदान संचाच्या किलोवॅटवर मोजले जाते. बॅटरीचा खर्च पूर्णपणे कुटुंबावर पडतो. येथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे, कारण विक्रेते ते मांडत नाहीत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास साठवते. ती टिकवायची तर त्यातील निम्मी, म्हणजे सुमारे ९०० वॅट-तासच वापरावी. ९ वॅटचे चार दिवे आणि ७५ वॅटचे दोन जुने पंखे पाच तास चालविले की ही ९०० ची शिदोरी संपते. तेच पंखे ३० वॅटचे, नव्या बीएलडीसी पद्धतीचे घेतले तर पाचशेच्या आत भागते. अर्थात, दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे शहाणपणाचे. काटकसर हा आपल्या घरांचा जुना संस्कार. तो येथे रोख पैसे वाचवितो.

आणखी एक सत्य. पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रमाण वाढते आणि नेमके तेव्हाच ऊन रुसते. म्हणून केवळ सूर्यावर भरणारी बॅटरी कामाची नाही. तार जिवंत असेल तेव्हा तारेवरूनही भरून घेणारी व्यवस्था हवी.

स्वदेशीचा विचारही येथे येतोच. अनुदानासाठी पॅनेल व सेल देशी बनावटीचे असण्याची अट आहे, ती स्वागतार्ह आहे. मात्र सेलच्या मुळाशी असणाऱ्या वेफरपासून लिथियमच्या सेलपर्यंत चीनवरील अवलंबित्व अद्याप मोठे आहे. या दृष्टीने, जड आणि वरचेवर डिस्टिल्ड वॉटर मागणारी असली तरी, देशात तयार होणारी आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी शिसे-आम्लाची बॅटरी इतक्यात मोडीत काढण्याचे कारण नाही.

बॅटरीला अनुदान दिले तर तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप खरा आहे. मग ते सर्वांना देऊ नये. वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील गावे आणि वाड्या निवडाव्यात; आरोग्य उपकेंद्र, शाळा, ग्रामपंचायत यांपासून प्रारंभ करावा. गुजरातमधील मोढेरा हे गाव २०२२ मध्ये चोवीस तास सौरऊर्जेचे गाव म्हणून घोषित झाले, ते केवळ पॅनेलच्या बळावर नव्हे. तेथे साठवणुकीच्या मोठ्या बॅटऱ्याही उभारल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. तीच दृष्टी आता साठवणुकीकडे वळली पाहिजे.

तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम आहे. अर्ज भरून देण्यास आता पुष्कळ जण आहेत. अर्जापूर्वी घरातील दिवे-पंखे मोजून, अंधाराचे तास विचारून, योग्य संच कोणता हे सांगणारा माणूस दुर्मीळ आहे. आणि महावितरणकडे एक साधी मागणी करता येईल: छतावरील संचास मंजुरी देताना त्या फीडरवर मागील वर्षात वीज किती तास खंडित होती, हा आकडा ग्राहकाच्या हाती लेखी द्यावा.