कच्च्या कैद्याचे मत

रास्ता रोकोत पकडलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी जेलमध्ये असला की त्याचे मत बुडाले. गुन्हा शाबित झालेला नाही, खटलासुद्धा उभा राहिलेला नाही. जामीन मिळाला नाही, एवढेच.

हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम ६२(५) मुळे होते. तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्याला मत नाही, मग तो शिक्षा भोगणारा असो की कच्चा कैदी. आता याच कायद्याची गंमत बघा. शिक्षा झालेला पुढारी जामिनावर सुटला की रांगेत उभा राहून खुशाल मत देतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाला टपालाने मत देता येते. आणि कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो! १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला निवडून आले, २०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहारमधून बारामुल्लाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ज्याला मत नाही त्याला उमेदवारीही नाही. त्याच वर्षी संसदेने घाईने कायदा बदलून उमेदवारी वाचवली. मताचे कुणाला आठवले नाही. उमेदवारी पुढाऱ्यांच्या कामाची, मत आपल्या कामाचे.

१९९७ मध्ये न्यायालयाने हे कलम उचलून धरले. कैदी स्वतःच्या वागण्याने आत गेलेला असतो, शिवाय बंदोबस्ताला पोलीस लागतील, अशी कारणे दिली. पण वागणे काय होते, हेच तर अजून ठरायचे आहे! आणि स्थानबद्धाला टपाल चालते, तर याला का नाही?

२०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराला जामीनदार कोण मिळणार?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ साली कौल देऊन, खून व लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा भोगून झालेल्यांचे मत परत दिले. २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने अट घातली, आधी कोर्टाचा दंड आणि फी फेडा. म्हणजे थकबाकीदाराला मत नाही. सोसायटीच्या थकबाकीदाराला संचालक होता येत नाही, हे आपल्याला पाठ आहे. तिकडे तर मतच अडवले.

आपल्याकडे सुटल्यावर मत आपोआप मिळते, तेवढे बरे. शिक्षा भोगत असलेल्यांना आतून मत द्यावे का, यावर आमच्यातच एकमत नाही. कच्च्या कैद्यांबद्दल मात्र आम्हाला शंका नाही. त्यांना टपाली मत द्यावे, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडत आहोत. ज्यांना पटत नाही, त्यांनी जरूर यावे आणि बोलावे.