बर्फाचा हंगाम आणि टाहोचे पाणी

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर, सुमारे १,९०० मीटर उंचीवरील टाहो सरोवर ५०१ मीटर खोल असल्याने, खोलवर साठलेल्या उष्णतेमुळे ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, आणि नाताळच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील मराठी कुटुंबांसह असंख्य पर्यटक तेथे बर्फात खेळायला जातात. सरोवराची नितळता मोजण्यासाठी पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी जेथे दिसेनाशी होते ती ‘सेक्की खोली’ १९६८ साली सुमारे ३१ मीटर होती. आज ती बरीच घटली आहे, आणि त्यामागील एक मोठे कारण असे की निसरड्या रस्त्यांवर पसरलेली वाळू चाकांखाली दळली जाऊन तिची धूळ वितळत्या बर्फाबरोबर सरोवरात उतरते. बर्फात खेळून मागे टाकलेल्या फुटक्या प्लास्टिक घसरगाड्यांचा कचरा निदान डोळ्यांना खुपतो. ही धूळ तेवढीही दिसत नाही. म्हणून पाहुण्यांनी शक्य तेथे मोटार उभी करून बसने फिरावे.