गुपचूप बसलेली घार बरी नसते

थेरगावकरांनो, संक्रांत तोंडावर आली आहे. केजूदेवी बंधारा, बोट क्लब, सगळ्या पवनाकाठावर संध्याकाळी बगळे आणि पाणकावळे झाडांवर परततात आणि नेमक्या त्याच वेळी गच्च्यांवरून पतंग चढतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. तरीही तो झाडाझाडांवर लोंबताना दिसतोच.

मांजाने कापलेला पक्षी दर वेळी रक्तबंबाळ दिसत नाही, हे कृपया ध्यानात घ्या. पंखाची पातळ कातडी चिरली जाते आणि वरची पिसं जखम झाकून टाकतात. घार जागच्या जागी पडतेच असंही नाही. जमेल तेवढं उडून ती भलतीकडेच, एखाद्या पार्किंगमध्ये किंवा कुंपणाशी उतरते. ‘दमली असेल, उडेल थोड्या वेळानं’ म्हणत आपण पुढे जातो, आणि तिथेच तिचा जीव जातो. धडधाकट घार माणूस अगदी जवळ आला की उडतेच. ती हलली नाही, एक पंख खाली लोंबतोय, पिसं फुगलीत, डोळे अर्धवट मिटलेत, चोच उघडी टाकून धापा टाकतेय किंवा भोवती कावळे जमून टोचताहेत, यातलं एक जरी दिसलं तरी तिला मदत हवी आहे असंच धरा.

तिच्यावर जाड टॉवेल टाका, नख्यांपासून हात सांभाळा आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर आपल्या मायेनंच ती दगावेल. दूध-पावही नको. गुंतलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा. जखमेतला तुकडा डॉक्टर काढतील. मांजात वटवाघूळ अडकलं असेल तर त्याला उघड्या हातानं शिवायचंच नाही. पक्षी उंचावर लटकला असेल तर अग्निशमन दलाला 101 वर बोलवा, विजेच्या तारांपाशी स्वतः चढू नका.

आणि लगेच वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. घरीच ठेवून बरं करू म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो, आणि तो योग्यच आहे.

सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका. संक्रांत झाल्यावर आपापल्या सोसायटीतल्या झाडांवरचा मांजा उतरवा आणि बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका.